डॅशबोर्डवरील दिनदर्शिका : एका नोंदीच्या अनेक तारखा

प्रस्तावना :
महाविद्यालयीन उपक्रमांची माहिती डॅशबोर्डवर दिनदर्शिकेच्या रूपात मांडताना एक अडचण हटकून उद्भवते. दिनदर्शिकेला सामान्यतः तारखांचा एकच रकाना जोडला जातो. उपक्रमाला मात्र अनेक तारखा असतात. चर्चासत्राचेच उदाहरण घेतल्यास शोधनिबंध पाठविण्याची व नोंदणीची अंतिम तारीख, आरंभ आणि समाप्ती अशा चार तारखा संभवतात. बहुधा आरंभाची तारीख तेवढी जोडली जाते व उरलेल्या तीन तक्त्यातच राहतात. ज्या प्राध्यापकास निबंध पाठवावयाचा आहे, त्याला नेमकी हवी असलेली तारीख अशा दिनदर्शिकेत दिसतच नाही. प्रस्तुत लेखात मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआय या प्रणालीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

तक्त्याची पुनर्रचना :
उपक्रमांच्या तक्त्याखेरीज तारखांचा एक स्वतंत्र तक्ता असणे येथे आवश्यक ठरते. त्यात वर्षातील प्रत्येक दिवस एकदाच व खंड न पडता यावा. अन्यथा ज्या दिवशी उपक्रम नाही तो दिवस दिनदर्शिकेतूनच गळतो. या दोन तक्त्यांमध्ये एका वेळी एकच संबंध कार्यरत राहू शकतो. अन्य संबंध तुटक रेषेने दर्शविले जातात व 'यूजरिलेशनशिप' या सूत्राने आवश्यकतेनुसार वापरता येतात. नोंदणी किती आणि प्रत्यक्ष आरंभ किती, अशी मासिक तुलना करावयाची असल्यास हा मार्ग उत्तम होय. परंतु चारही प्रकारच्या तारखा एकाच चौकटीत दाखविण्यास तो गैरसोयीचा आहे.

त्यासाठी आडवा तक्ता उभा करावा लागतो. पॉवर क्वेरीतील 'अनपिव्हट' या क्रियेने चार रकान्यांच्या जागी 'तारखेचा प्रकार' आणि 'तारीख' असे दोनच रकाने उरतात, व एका उपक्रमाच्या चार ओळी होतात. दिनदर्शिकेला मग एकच रकाना जोडावा आणि प्रकारानुसार रंग अथवा संक्षिप्त खूण द्यावी. केवळ रंगावर विसंबू नये. कृष्णधवल छपाईत तो भेद नाहीसा होतो.

गणनेतील धोका :
खरी सावधगिरी यापुढे हवी. समजा, वर्षभरात ४० उपक्रम झाले आणि सर्व तारखा भरलेल्या आहेत. नव्या तक्त्यात १६० ओळी होतील. ओळी मोजून उपक्रमांची संख्या काढल्यास ती चौपट येईल आणि तोच आकडा वार्षिक गुणवत्ता अहवालात गेल्यास त्याचे स्पष्टीकरण देणे कठीण होईल. म्हणून प्रत्येक उपक्रमास क्रमांक देऊन भिन्न क्रमांकांचीच गणना करावी. उलट बाजूही आहे. या क्रियेत रिकाम्या तारखांच्या ओळी वगळल्या जातात. ज्या उपक्रमाची एकही तारीख ठरलेली नाही तो नव्या तक्त्यातून पूर्णपणे लुप्त होतो. मूळ तक्ता जपून ठेवावा व एकूण संख्या त्यावरूनच काढावी, हे अधिक सुरक्षित.

अनेक दिवस चालणाऱ्या उपक्रमाबाबत आरंभ ते समाप्ती यांतील प्रत्येक दिवसासाठी स्वतंत्र ओळ लागते. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर २ तारखेपासून ८ तारखेपर्यंत असल्यास वजाबाकी ६ येते. तीत १ मिळविला नाही तर समारोपाचा दिवस हरवतो.

तारखांच्या लेखनपद्धतीचा दोष तर फारच फसवा आहे. ०५/०६/२०२४ ही तारीख भारतीय पद्धतीने ५ जून, तर अमेरिकी पद्धतीने ६ मे होते. २५/०६/२०२४ अमेरिकी पद्धतीने वाचताना संगणक चूक दाखवितो, कारण पंचविसावा महिना नाही. १२ पर्यंतचे दिवस मात्र तो निमूटपणे स्वीकारतो. चुकीचा इशारा आलेल्या ओळी दुरुस्त करून काम संपले असे मानणाऱ्याच्या दिनदर्शिकेत महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतील तारखा भलत्याच महिन्यात पडलेल्या असतात. तक्ता आयात करतानाच 'इंग्रजी (भारत)' ही प्रादेशिक पद्धती निवडल्यास हा घोळ टळतो.