मूत्राशयाचा कर्करोग : पेशीतील संदेशवहन आणि औषधरोध

पेशीने केव्हा विभाजित व्हावे आणि केव्हा मरावे, हे तिच्यातील रासायनिक संदेशांवर अवलंबून असते. मूत्राशयाच्या कर्करोगात ही संदेशव्यवस्थाच बिघडते. या बिघाडाचा अर्बुदाच्या वाढीशी आणि औषधरोधाशी असलेला संबंध प्रस्तुत लेखात स्पष्ट केला आहे.

वाढीचा संदेश : एफजीएफआर ३ हे पेशीपटलावरील ग्राहक-प्रथिन आहे. एरवी वाढघटक येऊन जोडला गेल्यावरच ते कार्यान्वित होते. मात्र जनुकातील उत्परिवर्तनामुळे त्याच्या २४९ व्या स्थानी सेरीनऐवजी सिस्टीन आल्यास दोन ग्राहक परस्परांशी गंधकबंधाने जोडले जातात. परिणामी, वाढघटक नसतानाही विभाजनाचा संदेश सुरूच राहतो. रास आणि एकेटी या प्रथिनांच्या साखळ्या तो पुढे नेतात.

औषधरोध : सिस्प्लॅटिन डीएनएशी प्लॅटिनमचे बंध निर्माण करून पेशीला मृत्यूकडे नेते. परंतु अतिसक्रिय एकेटी साखळी मृत्यूचा संदेश दडपते, तर दुरुस्ती करणारी प्रथिने ते बंध काढून टाकतात. म्हणूनच ईआरसीसी २ या दुरुस्ती-जनुकात दोष असलेली अर्बुदे सिस्प्लॅटिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात, असे आढळले आहे.

निष्कर्ष : एफजीएफआर रोखणाऱ्या एर्डाफिटिनिबला अमेरिकेत २०१९ मध्ये त्वरित आणि २०२४ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. तथापि, एक मार्ग रोखला असता पेशी दुसरा मार्ग अवलंबू शकते. शिवाय सिस्प्लॅटिन मूत्रपिंडास अपायकारक आहे. ते निष्फळ ठरल्यास रुग्णाच्या वाट्याला केवळ अपाय येतो. यास्तव उपचार ठरविताना अर्बुदाच्या जनुकीय तपासणीचे महत्त्व वाढत आहे.