पोहण्याच्या गॉगलची काच : रंग कोणता निवडावा?

मुलाला पोहायला घालायचे ठरले की पालक दुकानात जातात. दुकानदार निळ्या, पिवळ्या, धुरकट, आरशासारख्या चकाकणाऱ्या काचांचे गॉगल पुढे मांडतो आणि निवड बहुधा मुलाच्या आवडत्या रंगावर होते. वस्तुतः काचेचा रंग ही शोभेची बाब नाही. पोहणाऱ्याच्या डोळ्यांत किती प्रकाश येणार आणि तो कोणत्या दिशेने येणार, यावरून तो ठरवावयाचा असतो.

मुळात आपला डोळा हवेत पाहण्यासाठी घडलेला आहे. प्रकाशकिरण वळवण्याचे बरेचसे काम डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा करतो. परंतु पाण्याचा आणि त्या पडद्याचा अपवर्तनांक जवळजवळ सारखा असल्यामुळे पाण्याखाली हे काम थांबते व सारे धूसर दिसते. गॉगल डोळ्यांपुढे हवेचा लहानसा कप्पा राखतो आणि दृष्टी परत मिळवून देतो. १९२६ मध्ये गरट्रूड एडर्ली इंग्लिश खाडी पोहून गेल्या, त्या वेळी गॉगलमध्ये पाणी शिरू नये म्हणून त्याच्या कडा मेणाने बंद केल्या होत्या.

छताखालील तलावात, किंवा उघड्या तलावावर सूर्य वर येण्यापूर्वी, रंगहीन काचच उत्तम. तळाची काळी रेघ, समोरची भिंत, शेजारच्या मार्गिकेतील मूल हे सर्व स्पष्ट दिसले पाहिजे. त्यातही प्रशिक्षकाच्या दृष्टीने एक लाभ आहे: काठावरून मुलाचे डोळे दिसतात, आणि घाबरलेले मूल पुष्कळदा डोळ्यांवरूनच ओळखू येते. पावसाळ्यातील अंधूक सकाळी पिवळी काच उपयोगी पडते; ती निळा प्रकाश गाळते, त्यामुळे आकृत्या उठावदार दिसतात. एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या तलावावर धुरकट काच हवी. उताणे पोहणाऱ्याची दृष्टी सतत आकाशाकडे असते; डोळे दिपले तर भिंतीच्या पाच मीटर अलीकडे टांगलेली निशाणे त्याला दिसत नाहीत आणि डोके भिंतीवर आदळण्याचा धोका असतो.

समुद्रात प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा भरतात. तेथे सकाळी समुद्रात जाताना सूर्य पाठीशी असतो. परत येताना मात्र तो थेट डोळ्यांवर येतो, आणि नेमकी त्याच वेळी, दमलेल्या अवस्थेत, किनाऱ्यावरील खूण शोधावयाची असते. हिवाळ्यातील सकाळी एलिफंटाहून गेटवे ऑफ इंडियाकडे पश्चिमेस पोहणाऱ्याच्या डाव्या हाताला दक्षिण असते. सूर्य आग्नेयेस असल्यामुळे डावीकडे श्वास घेताना झळाळी येते, उजवीकडे येत नाही. म्हणून स्पर्धेपूर्वी नकाशा आणि घड्याळ एकत्र पाहावे व मगच काच निवडावी. ऐन उन्हात आरशाचा मुलामा असलेली धुरकट काच चांगली, कारण ती प्रकाशाचा काही भाग परतवते. नारिंगी बोये शोधावयाचे असतील तर तांबूस काच. तिच्यातून निळे पाणी मंद दिसते आणि बोया उठून दिसतो. निळ्या काचेतून नेमके उलट घडते. ध्रुवक काच लाटांवरून परावर्तित झालेली आडवी झळाळी कापते. समुद्रात तिची किंमत वसूल होते, तलावात तिच्यावर पैसे घालवण्याचे कारण नाही.

नेरुळचे प्रभात कोळी यांनी २०२३ मध्ये सात सागरी खाड्या पोहण्याचा ‘ओशन्स सेव्हन’ हा क्रम पूर्ण केला. अशा दीर्घ पोहण्यात कित्येकदा रात्रीचे तास येतात. तेव्हा रंगीत काच धोक्याचीच. सोबतच्या नावेचा दिवा दिसेनासा झाला तर पोहणारा भरकटतो. नवी मुंबईच्या खाडीतील गढूळपणावर मात्र कोणत्याही रंगाचा उपाय नाही. तेथील चिखल आणि भरती-ओहोटी पाहता मुलांनी त्या पाण्यात उतरूच नये.

गडद काच म्हणजे अतिनील किरणांपासून संरक्षण, हा समज चुकीचा आहे. गडद काचेमागे बाहुली विस्फारते. काच अतिनील किरण अडवणारी नसेल तर ते डोळ्यांत अधिकच शिरतात. उलट चांगल्या पॉलिकार्बोनेटची रंगहीन काचही हे किरण अडवू शकते. तेव्हा वेष्टनावर तसा स्पष्ट उल्लेख आहे का, ते पाहावे.

वसतिगृहातील मुलाला एकच गॉगल घेणे परवडणारे असेल तर तो असे संरक्षण असलेला, रंगहीन काचेचाच घ्यावा. दुकानात पट्टा न लावता तो डोळ्यांवर हलका दाबावा. क्षणभर चिकटून राहिला तर मापाचा समजावा. आतील बाजूस धुके न धरणारा मुलामा असतो, म्हणून तेथे बोट किंवा टॉवेल फिरवू नये. पोहून झाल्यावर साध्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवावा.