शुक्रवारची मासळी

एकाच नांवाच्या शेंकडों शाखा चालविणाऱ्या उपाहारगृहांचा मूळ नियम असा कीं, गांव कोणतेंहि असो, पदार्थ तेच व चवहि तीच. अमेरिकेंत मॅक्डोनल्ड बंधूंनीं १९४८ सालीं सॅन बर्नार्डिनो येथील आपल्या दुकानांत पदार्थांची लांबलचक यादी ९ वर आणिली, मोटारीपर्यंत खाणें पोंचविणाऱ्या मुलींस रजा दिली, व १५ सेंटांस हॅम्बर्गर विकण्यास आरंभ केला. गिऱ्हाइकास स्वस्ताई व त्वरा हवी, हें त्यांचें अनुमान बव्हंशीं खरें ठरलें.

परंतु गिऱ्हाइकास धर्म असतो, व त्याचे वारहि असतात. सिनसिनाटी शहरांत लू ग्रोएन नांवाचे गृहस्थ ह्याच नांवाची एक शाखा १९५९ पासून चालवीत. वस्ती बहुतांशीं रोमन कॅथॉलिक. त्या काळीं वर्षभर दर शुक्रवारीं मांस वर्ज्य असे. त्यामुळें त्या दिवशीं दुकान ओस पडे. शुक्रवारचा गल्ला ७५ डॉलरांवर येई, असें ग्रोएन ह्यांनींच पुढें सांगितलें. बायकामुलांचें पोट त्याच दुकानावर! त्यांनीं पिठांत घोळून तळलेली मासळी पावांत घालून विकण्याची परवानगी मागितली. मुख्य चालक रे क्रॉक ह्यांस मासळीचा वास दुकानांत नको होता. त्यांनीं आपला पदार्थ सुचविला: पावांत मांसाऐवजीं भाजलेल्या अननसाची चकती व चीज. (आमच्या गृहिणी ह्यावर काय म्हणतील, तें न बोललेलें बरें.) १९६२ सालीं एका शुक्रवारीं दोन्ही पदार्थ विक्रीस मांडण्यांत आले. मासळीचीं सँडविचें ३५० खपलीं, अननसाचीं अवघीं ६, असें सांगतात. १९६५ पासून मासळी देशभरच्या शाखांतून मिळूं लागली. पुढल्याच वर्षीं अमेरिकेंतील बिशपांनीं उपासकाळाबाहेरील शुक्रवारच्या मांसत्यागाची सक्ती काढून टाकिली. तरी मासळी यादींतून गेली नाहीं. तोंवर ती इतर गिऱ्हाइकांच्याहि तोंडीं बसली होती.

१९९६ सालीं ही कंपनी दिल्ली व मुंबई येथें आली, तेव्हां तिनें गोमांसाचा आपला मूळ हॅम्बर्गर आणिलाच नाहीं; डुकराचें मांसहि वगळलें. शाकाहारी पदार्थांसाठीं स्वयंपाकघरांत निराळी जागा व निराळीं भांडीं ठेविलीं. बटाट्याची टिक्की पावांत घालून जो पदार्थ तिनें पुढें केला, तो मात्र मुंबईकरांस फारसा अनोळखी वाटला नसावा. दादर स्थानकाबाहेर वडा-पाव त्यापूर्वीं कित्येक वर्षें खपत होता, आणि आजहि खपतो.