भर उन्हात पडद्यावरचा आकडा वाचताना

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावर आपलं पीक नोंदवायचं काम आपल्याच हातातल्या मोबाईलवर आलं. फोटो शेतातच काढायचा, त्यामुळे घरी बसून हे काम होत नाही. बहुतेक जण दुपारचं जेवण उरकून बांधावर जातात. ऊन डोक्यावर असतं आणि मोबाईलचा पडदा आरशासारखा होतो. त्यात आपलंच तोंड दिसतं, अक्षर काही दिसत नाही. मग अंदाजाने बोट ठेवलं जातं. पिकांच्या यादीत एक ओळ खाली-वर झाली की तुरीच्या जागी दुसरंच काही चढतं, क्षेत्राचा आकडा चुकतो. पुढे हमीभावाने खरेदी असो, नुकसानभरपाई असो की पीककर्ज, सगळीकडे ती नोंद बघितली जाते.

यात मोबाईलचा दोष थोडा आणि उजेडाचा जास्त. प्रकाश लक्स या मापात मोजतात. घरात दिव्याखाली साधारण दोन-तीनशे लक्स उजेड असतो, तर भर दुपारच्या थेट उन्हात तो एक लाखाच्या आसपास जातो. मोबाईलचा पडदा स्वतःच्या उजेडावर चालतो. भर दुपारी अंगणात बॅटरी लावली तर तिचा झोत जमिनीवर दिसतो का? तसंच हे. त्यातून वरची काच पडलेल्या उन्हाचा थोडा भाग, शंभरातला चार-पाच म्हणा, परत डोळ्यांवर फेकते. एक लाखातला तेवढा भागसुद्धा पडद्याच्या उजेडावर मात करतो.

म्हणून मोबाईल सावलीत घ्या. काळी छत्री असेल तर उत्तम, ती शेतातही नेता येते. छत्री नसेल तर सूर्याकडे पाठ करून आपल्या अंगाच्या सावलीत धरा. मात्र सूर्य माथ्यावर असताना ही युक्ती चालत नाही, तेव्हा सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर गेलेलं बरं. (त्या वेळी रेंज मिळेलच असं नाही, पण तो वेगळा विषय.) आपल्याकडे पांढरा सदरा घालायची रीत. उन्हात तोच सदरा काचेत उमटतो आणि अक्षर पुसट होतं. अंगावर गडद कपडा असेल तर फरक लगेच जाणवेल.

पडद्याचा उजेड पूर्ण वाढवा. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं अशी मांडणी ठेवली असेल, म्हणजे डार्क मोड, तर शेतात ती बंद करा. उन्हात पांढऱ्यावर काळी अक्षरंच बरी वाचता येतात, कारण काळ्या पाटीत प्रतिबिंब जास्त दिसतं. काचेवरची धूळ आणि हाताचं तेलही पुसा. मोबाईल ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवून तापवू नका. तापलेला मोबाईल स्वतःला वाचवण्यासाठी पडद्याचा उजेड आपोआप कमी करतो. आयफोनच्या माहितीत तर ३५ अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं. आपला वैशाख त्या हिशोबात बसत नाही.

आता दुसरी जात पाहा. साधा कॅल्क्युलेटर, हातातलं डिजिटल घड्याळ, बरीचशी मॉइश्चर मीटरं यांचा पडदा राखाडी आणि आकडे काळे असतात. या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो, बाहेरून येणाऱ्या उजेडावरच तो वाचायचा. त्यामुळे इथे सगळं उलटं. उजेडात आकडा ठळक दिसतो आणि गोदामाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात दिसेनासा होतो. आतला दिवा असेल तर तो लावा, नाहीतर मीटर दाराशी आणा आणि समोरून पाहा. तिरकं पाहिलं तर आकडा फिकट तरी दिसतो किंवा सगळाच पडदा काळपट. फार तापला तरीही पडदा काळवंडतो, पण सावलीत निवला की पूर्ववत होतो. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के आहे. २०२४-२५ च्या हंगामात ती १५ पर्यंत शिथिल केली होती. मर्यादेच्या काठावरच्या मालाला एका आकड्याने फरक पडतो, तेव्हा मीटर आपल्या डोळ्यांनी वाचा.

खरी गंमत लाल आकड्यांच्या वजनकाट्याची. तो मोबाईलच्याच जातीचा, उन्हात फिका पडणारा. त्यावरचा प्रत्येक आकडा सात छोट्या पट्ट्यांचा बनतो. आठमध्ये सातही पट्ट्या पेटतात. मधली दिसली नाही की तोच शून्य वाटतो, वरची उजवी दिसली नाही तर सहा, खालची डावी दिसली नाही तर नऊ. सातची वरची पट्टी गेली की एक उरतो. म्हणजे काटा बरोबर असूनही पट्टीवर वजन चुकीचं लिहिलं जाऊ शकतं, आणि त्यात कुणाची लबाडी असेलच असं नाही. खळ्यावर माल मोजून देताना काट्याचा पडदा उन्हाकडे असेल तर मापाड्याला, व्यापाऱ्याला स्पष्ट सांगा, ‘भाऊ, काटा जरा फिरवा.’ तेही जमलं नाही तर टोपी आडवी धरा, आकडा दोघांनी मोठ्याने वाचा आणि मगच लिहू द्या. यात भिडस्तपणा नको.

ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, आणि पंचनाम्याला जाणाऱ्या इतर मंडळींनाही एक विनंती. भरलेली माहिती शेतकऱ्याला दाखवताना उन्हात मोबाईल पुढे करून ‘बघा, बरोबर आहे ना?’ असं विचारू नका. तो बिचारा न दिसताच मान हलवतो. झाडाखाली या, एक-दोन मिनिटं थांबा, कारण उन्हातून आलेल्या डोळ्यांना सावलीत सरावायला तेवढा वेळ लागतो. अक्षर मोठं करा. चाळिशी लागलेल्यांचा चष्मा बहुधा घरीच राहिलेला असतो. मोतीबिंदू असलेल्याला तर उन्हाच्या तिरिपेत समोरचं सगळं धुरकट दिसतं, त्याला वाचूनच दाखवा. आणि तुमच्या डोळ्यांवर काळा पोलराइज्ड चष्मा असेल तर तो काढा. काही मोबाईल त्यातून आडवे धरले की पडदा पार काळा दिसतो आणि माणूस उगाच दुरुस्तीच्या दुकानात जातो.