गरुडाचे अंडे आणि मजुराचा करार

अमेरिकेने १७८२ साली ज्या पक्ष्याला आपल्या राजमुद्रेवर बसविले, तो बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचा गरुड. मुद्रेवर मान, रानात मात्र बंदूक! सामन मासे खातो म्हणून अलास्कात १९१७ पासून मारलेल्या गरुडामागे सरकारी इनाम मिळे. त्यात लाखाहून अधिक गरुड गेले. १९४० साली संरक्षणाचा कायदा झाला, पण अलास्का त्यातून वगळलेले होते.

बंदूक दिसते, म्हणून अडविता येते. विष दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे डीडीटीची फवारणी सर्रास सुरू झाली. हिवतापाच्या डासांवर या औषधाने मोठे काम केले, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु ते लवकर विरत नाही. पाण्यातील बारीक जीवांतून लहान माशांत, त्यांतून मोठ्या माशांत, आणि शेवटी गरुडाच्या अंगात ते साठते. दर पायरीला त्याचे प्रमाण वाढते. मग अंड्याचे कवच पातळ होते आणि उबवायला बसलेल्या आईच्याच भाराने अंडे फुटते. १९६३ साली अलास्का वगळता मुख्य भूमीवर घरटी करणाऱ्या अवघ्या ४१७ जोड्या मोजणीत आढळल्या.

१९६२ साली रेचेल कार्सन यांच्या पुस्तकाने लोकांना जागे केले. सरकारी बंदी १९७२ साली आली. पण आम्हां कामगार कार्यकर्त्यांना अभिमान वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. कॅलिफोर्नियातील द्राक्षमळ्यांच्या मजुरांनी, दीर्घ संप आणि बहिष्कारानंतर, १९७० च्या करारांतच डीडीटीबंदीचे कलम घालून घेतले होते. त्यांची मागणी स्वतःच्या जिवासाठी होती. पण जे विष मजुराच्या अंगावर पडते, तेच पुढे नदीत उतरते.

बंदीनंतरही काम उरलेच. घरट्यांभोवती माणसांचा वावर रोखला. न्यूयॉर्क राज्यात १९७६ पासून बाहेरून आणलेली पिल्ले उंच मचाणावर वाढवून मोकळी सोडली. २००७ साली गरुडाचे नाव संकटग्रस्तांच्या यादीतून निघाले. २०२१ च्या सरकारी अहवालात जोड्यांचा अंदाज ७१ हजारांवर गेला. तरी १९४० चा कायदा लागूच आहे, आणि तो असायलाच हवा. शिकाऱ्यांच्या गोळ्यांतील शिसे मेलेल्या जनावरांच्या मांसातून आजही गरुडांच्या पोटात जाते.

आपल्याकडे गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने गिधाडे संपत आली, तेव्हा २००६ साली जनावरांसाठी त्याच्या उत्पादनावर बंदी आली. जात निराळी, धडा तोच. कायदा आपोआप होत नाही; तो मागावा लागतो, आणि झाल्यावर राखावाही लागतो.