आधी नमस्कार, मग गप्पा

टांझानियातल्या दार-ए-सलाम शहरात नोकरीनिमित्त राहत असताना मी रोज ‘दालादाला’ने जात असे. दालादाला म्हणजे खासगी मिनीबस. आपल्याकडच्या वडापसारखी गच्च भरलेली. 2016 साली तिथे जलद बससेवा सुरू झाली, तरी दालादाला धावतेच आहे.

तिथे बोलण्याची एक रीत आहे. एकदम ‘ही गाडी कुठे जाते?’ असं विचारणं उद्धटपणाचं. आधी विचारायचं, ‘हबारी?’ हा आपल्या ‘खबर’चाच भाऊ, दोन्हींचं मूळ अरबी. उत्तर येतं, ‘न्झुरी’, म्हणजे छान! शेजारी वडीलधारं कुणी असेल, तर धाकट्याने ‘शिकामू’ म्हणायचं. याचा मूळ अर्थ ‘पाय धरते’ असा सांगतात. थोरले ‘मरहाबा’ म्हणून त्याचा स्वीकार करतात.

पूर्व आफ्रिकेत भारतीय व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या राहिले. ‘दुका’, ‘पेसा’ हे शब्द स्वाहिलीत रुळले. तरीही, ‘तुम्ही लोक आपापल्यातच राहता’, असं मला ऐकावं लागे. ‘शिकामू’ म्हटलं, की मात्र बसलेली आजी माझी पिशवी आपल्या मांडीवर घेई आणि घरची चौकशी सुरू होई.

म्हणून परदेशी जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे, तिथल्या भाषेतले आकडे सावकाश शिका. नमस्कार आधी शिका.