घरी बांधलेल्या रोटरी इंजिनाच्या विमानात हीटर कोणता बसवावा?

माझ्या एका पेशंटचा मुलगा अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये राहतो. मित्रांबरोबर त्याने गॅरेजमध्ये दोन सीटचे छोटे विमान बांधले. त्याने मला फोनवर विचारले, "डॉक्टर, हिवाळ्यात विमान चालवून उतरलो की डोके जड होते, थोडे मळमळते. घरी येऊन झोपलो की बरे वाटते. थंडी बाधत असेल का?"

मी त्याला उलट प्रश्न केला, "हीटर कशावर चालतो?" तो म्हणाला, "एक्झॉस्टच्या पाइपावर." हा लेख त्या उत्तरामुळे लिहितो आहे. तुम्ही किंवा तुमच्या घरातले कोणी असे विमान बांधत असाल, तर हीटर निवडण्यापूर्वी हे जरूर वाचा.

हीटरची गरज का पडते?

दर हजार फुटांना हवेचे तापमान साधारण २ अंश सेल्सिअसने उतरते. जमिनीवर शून्य अंश असेल तर दहा हजार फुटांवर उणे २० च्या आसपास. अशा थंडीत बोटे बधिर होतात, निर्णय चुकतात. त्यामुळे हीटर ही चैन नाही. पण ऊब कुठून घ्यायची, हा प्रश्न आरोग्याचा आहे.

एक्झॉस्टच्या उष्णतेत धोका काय?

अनेक छोट्या विमानांत एक्झॉस्टच्या पाइपाभोवती किंवा सायलेन्सरभोवती पत्र्याचे आवरण असते. बाहेरची हवा त्यातून जाताना तापते आणि केबिनमध्ये येते. ही रचना हलकी आणि स्वस्त असते. मात्र तुमचा श्वास आणि इंजिनाचा धूर यांच्यामध्ये फक्त एक पातळ पत्रा असतो. त्याला बारीक तडा गेला, तरी कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये येतो.

रोटरी इंजिनात हा धोका वाढतो. हौशी बांधणारे बहुधा माझदाच्या आरएक्स-७ मोटारीतले इंजिन वापरतात. त्याचा धूर नेहमीच्या पिस्टन इंजिनापेक्षा जास्त तापलेला असतो आणि जोराच्या ठोक्यांनी बाहेर पडतो. पाइप, जोड आणि वेल्डिंग यांच्यावर त्याचा ताण येतो. म्हणून माझा स्पष्ट सल्ला आहे: रोटरी इंजिनात केबिनची ऊब एक्झॉस्टमधून घेऊ नका.

कार्बन मोनॉक्साइड शरीरात काय करतो?

बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमुळे माणसे बेशुद्ध पडल्याच्या बातम्या आपण महाराष्ट्रात दर हिवाळ्यात वाचतो. तोच हा वायू. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिन कमी उरते आणि आधी मेंदू आणि हृदय यांचे हाल होतात.

उंचीवर हे दुहेरी संकट असते. दहा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास ७० टक्केच राहतो, म्हणजे ऑक्सिजन आधीच कमी मिळतो. धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तात तर हा वायू आधीपासूनच थोडा असतो.

२१ जानेवारी २०१९ रोजी फुटबॉलपटू एमिलियानो साला फ्रान्समधील नांतहून कार्डिफकडे निघाले होते. त्यांचे छोटे विमान समुद्रात कोसळले. साला यांच्या रक्तातील ५८ टक्के हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले आढळले. पायलटवरही या वायूचा परिणाम झाला असावा, असा ब्रिटिश तपास यंत्रणेचा निष्कर्ष होता. ते विमान पिस्टन इंजिनाचे आणि कारखान्यात बनलेले होते. घरी बांधलेल्या विमानात तर पाइपाच्या जोडांची जबाबदारी तुमचीच असते.

मग पर्याय कोणते?

* कूलंटचा हीटर: माझदाचे रोटरी इंजिन पाण्याने थंड होते, ही आपली जमेची बाजू. मोटारीत असतो तसा छोटा रेडिएटर केबिनमध्ये बसवून त्यावर पंखा लावता येतो. माझी पहिली पसंती यालाच. मात्र गळती झाली तर गोडसर वास येतो, काच धुरकट होते, डोळे चुरचुरतात, गरम कूलंटने भाजूही शकते. म्हणून इंजिनाच्या बाजूला बंद करण्याचा व्हॉल्व्ह हवाच. इंजिन मागे असलेल्या विमानात होज लांबवर न्यावे लागतात, त्यामुळे जोड कमीत कमी ठेवा.
* ऑइल कूलरची गरम हवा: रोटरी इंजिनाची बरीच उष्णता ऑइलमधून बाहेर पडते. कूलरमधून आलेली हवा केबिनमध्ये वळवता येते. पण ऑइल गळले तर त्याचा धूर तुमच्या छातीत जातो आणि इंजिनाभोवतीची हवाही त्यात मिसळू शकते. ही दुसरी पसंती.
* विजेवर तापणारे जाकीट, मोजे किंवा सीट: यात विषारी वायूचा प्रश्नच नाही. अल्टरनेटरची क्षमता तपासा. काच साफ ठेवायला याचा उपयोग नाही, पण जोड म्हणून उत्तम.
* पेट्रोल जाळणारा स्वतंत्र हीटर: ऊब भरपूर, पण ज्वलन आले की तोच वायू आला. वेळच्या वेळी तपासणी करणार नसाल तर नको.
* गॅसचा पोर्टेबल हीटर: केबिनमध्ये कधीही नको.

कूलंटचा हीटर लावला की निश्चिंत?

नाही. एक्झॉस्ट कुठेही गळत असेल तर धूर फायरवॉलच्या भोकांतून, दाराच्या फटींतून आत येतो. वायरी आणि केबल जातात ती सर्व भोके नीट बुजवा. आकडा दाखवणारा आणि आवाज करणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म नजरेसमोर बसवा. घरगुती अलार्म ७० पीपीएमलाही तासभर किंवा त्याहून उशिरा वाजू शकतो, म्हणून विमानासाठी बनवलेलाच घ्या. प्रमाणित विमानांसाठी केबिनची मर्यादा वीस हजार भागांत एक, म्हणजे ५० पीपीएम आहे. तुम्हीही तीच पाळा.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही. रक्तात विष भिनले असतानाही तो ९८ दाखवू शकतो.

हवेत असताना शंका आली तर?

१. हीटर बंद करा.
२. ताज्या हवेची सर्व झडपे पूर्ण उघडा.
३. ऑक्सिजन असेल तर लगेच लावा.
४. कंट्रोलला कळवा आणि जवळच्या धावपट्टीवर उतरा. "अजून वीस मिनिटांत घरी पोहोचू" हा विचार करू नका, कारण विचार करणारा मेंदूच आधी मंदावतो.

डॉक्टरांकडे कधी जावे?

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गोंधळ, छातीत दुखणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, शक्यतो धावपट्टीवरूनच रुग्णालयात जा. "कार्बन मोनॉक्साइडसाठी रक्ततपासणी करा" असे स्वतःहून सांगा. साध्या हवेत रक्तातले प्रमाण चार ते सहा तासांत निम्मे होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी त्याला अर्थ नाही. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यास हाच वेळ तास-दीड तासावर येतो. बेशुद्धी आली असेल किंवा सोबतची स्त्री गरोदर असेल तर अजिबात थांबू नका. काही रुग्णांना विसराळूपणा, चिडचिड असे त्रास काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी दिसतात. घरच्यांनी त्याकडे लक्ष ठेवावे.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले, "एक्झॉस्ट उघडून पूर्ण तपासल्याशिवाय पुन्हा उडू नकोस." त्याने आवरण काढले तेव्हा वेल्डिंगजवळ नखाएवढी भेग होती. आता तो कूलंटचा हीटर आणि अलार्म बसवतो आहे. हीटर चालू असताना डोके दुखले, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत ते कार्बन मोनॉक्साइडच समजा.